मोजणी चालू आहे

आमच्या वकीलसाहेबांनी आयुष्यात एकच निवडणूक लढवली, आणि तीही अशा जागेसाठी की जिला निवडणूकच नसते. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट रंगात आली की कोणीतरी शहाणा हमखास मधे तोंड घालतो, "अहो, पण सरकारी वकील काय मतांवर होतो?" नाही होत, बाप्पा. इंग्रजाच्या राज्यात तर मुळीच नव्हता होत. डेप्युटी कमिशनरसाहेबानं नाव सुचवायचं, नागपूरच्या सरकारनं त्यावर मान हलवायची, की झाला जिल्ह्याचा सरकारी वकील. अमरावतीच्या कचेरीतल्या पट्टेवाल्यालाही हे माहीत होतं. वकीलसाहेबांना तर होतंच होतं. तरी ते लढले. काहून लढले ते सांगतो, जरा दम धरा.

मी मूळचा अकोल्याचा. सनद मिळाली तशी अमरावतीला येऊन त्यांच्या हाताखाली लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं. गाव लक्षात ठेवलं आणि नाव सोडून दिलं. तेव्हापासून मी 'अकोला'. "ए अकोला, ते कागद आण." "अकोला, जेवला का रे?" एकदा भर कोर्टात "माझे ज्युनिअर मिस्टर अकोला" म्हणून मोकळे झाले, आणि जजसाहेबांनी तसंच लिहून घेतलं. मला राग यायचा. अमरावतीकरांना आपलं गाव म्हणजे काय इंद्रपुरी वाटते, कोण जाणे. "अकोल्याच्या माणसाले उनाशिवाय दुसरं काय ठाव असते?" असं वकीलसाहेब म्हणायचे, आणि वर स्वतःच हसायचे.

दिसायला ठेंगणे, रुंद. अंगात काळा आल्पाकाचा कोट, कोपरांवर उडून हिरवट झालेला. डाव्या गालात कायम एक अख्खी सुपारी. ती चावायची नाही, चघळायची नाही, नुसती ठेवायची. सुपारी असेपर्यंत ते ऐकायचे, आणि बोलायचं झालं की ती काढून चांदीच्या डबीत ठेवायचे. खटला जिंकला की मात्र अडकित्ता मागवून फोडायची आणि समोर असेल त्याला खांड द्यायचं. मी पुष्कळ सुपारी खाल्ली त्यांच्याकडे, एवढं सांगितलं की त्यांच्या वकिलीचा अंदाज यावा.

त्यांनी मला कायदा फारसा शिकवला नाही. कायदा पुस्तकात असतो म्हणायचे. त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "साक्षीदाराले कधी इचारू नोको, की तू खोटं बोलून राहिला का. तो नाहीच म्हनंल. जगात कोनी हो म्हनलं का आजवर? त्याले इचाराचं, कंदील कुठं होता. त्यानं पाह्यलं म्हनते ना? मंग कायच्या उजेडात पाह्यलं? दिवा कोनीकडं, तू कोनीकडं, तोंड कोनीकडं? माणूस खोटं बोलाले तयार होऊन येते, पण कंदील घेऊन येत नाही."

हे वेड घरातही चालायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कधी चिडून म्हणाल्या, "मांजरीनं दूध पिलं हो," की हे ताटावरून मान वर करणार. "तू पाह्यलं?" "पाह्यलं ना." "कंदील कुठं होता?" काकू पळी हाणायच्या बेतात यायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "अकोलाभाऊ, यायच्याशी लग्न लागलं तेव्हा दिवसाउजेडी लागलं, नाहीतर यायनं तेबी कबूल केलं नसतं." मी हसलो, आणि आतून आवाज आला, "मुहूर्त संध्याकाळचा होता."

असा हा सगळ्या वऱ्हाडात गाजलेला आरोपींचा वकील. ज्याला पोलिसांनी धरलं त्याच्या घरच्यांनी पहिली धाव यांच्याकडे घ्यायची. आणि याच माणसानं एक दिवस बाररूममध्ये जाहीर केलं, "आपले सरकारी वकील आता निवृत्त होऊन राहिले. त्या जागेसाठी मी उभा हाय."

बाररूम खो खो हसली. कोणी म्हणालं, आता चोर कोणाकडे जातील? कोणी म्हणालं, म्हातारपणी सरकारचा पुळका आला. वकीलसाहेबांनी सुपारी गालात सरकवली आणि सगळ्यांचं ऐकून घेतलं. मला मात्र राहवलं नाही. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना विचारलं, "साहेब, तुम्हाला काय कमी आहे हो? कशाला त्या खुर्चीच्या मागे लागता?"

त्यांनी सुपारी काढून डबीत ठेवली. तरुणपणी त्यांनी एका कोतवालाचा खटला चालवला होता. खुनाचा. साक्षीदार पढवलेला होता, हे यांना दिसत होतं. यांनी त्याला विचारलं, सगळं विचारलं, दिवा, अंतर, झाड, सावली. साक्षीदार गडबडला, घाम पुसायला लागला. तरी कोतवाल काळ्या पाण्यावर गेला आणि परत आला नाही.

"काहून गेला, सांग," ते म्हणाले. "मी चुकीचं इचारलं? नाही. बरोबर इचारलं. पन मी आरोपीचा वकील ना रे. जजाले वाटलं, याचं कामच हाय इचाराचं, फी घेतली हाय यानं. तोच प्रश्न त्या दुसऱ्या खुर्चीवरून आला असता, सरकारच्या तोंडून, त तो माणूस त्याच दिवशी घरी जेवाले गेला असता. मले ती खुर्ची पाह्यजे, अकोला. एकदा त्या खुर्चीवरून इचारून पाहाचं हाय मले."

त्यानंतर मी हसलो नाही. माझ्याकडून तरी हसणं झालं नाही.

आता मोहीम. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यावर डाली, म्हणजे फळामिठाईचा नजराणा, पाठवणं, त्याच्या मडमेला संत्र्यांच्या करंड्या, खानसाम्याला खूश ठेवणं, हे बाकीचे उमेदवार करत होते. वकीलसाहेबांचं डोकं वेगळं. हिवाळ्यात डेप्युटी कमिशनर जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघतो, गावोगावी आमराईत तंबू ठोकतो, लोकांना विचारतो. "त्याले लोकायनंच माझं नाव सांगाले पाह्यजे," ते म्हणाले. "ज्यायच्यावर खटले चालवाचे त्यायले इचारल्याबिगर खुर्चीवर बसनं बरं दिसत नाही." आणि आम्ही निघालो. पुढं साहेबाचा दौरा जिथं जिथं जाणार, तिथं तिथं आधी आमची दमणी. दमणीचे बैल छोटे पण पळणारे, आणि हाकणारा रहीमभाई. रहीमभाईला ही सगळी मोहीम इतकी पटली होती, की गाव जवळ आलं की तो स्वतःच ओरडायचा, "आ गए भाई, वकीलसाब आ गए! मत तयार ठेवा!"

"रहीम, मत नाही म्हणालो ना मी तुले," वकीलसाहेब आतून.

"हौ साब. पन लोकांना मत समजता, दुसरा कुछ नहीं समजता," रहीमभाई बाहेरून.

आणि ते खरंच होतं. नुकत्याच कौन्सिलच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. ज्यांना मत होतं त्यांनी मिरवून घेतलं होतं, आणि ज्यांना नव्हतं ते जळत होते. त्यामुळे फेटा बांधलेला माणूस गाडीवर उभा राहून बोलायला लागला की लोकांना एकच कळायचं.

चांदूर बाजारचा आठवडी बाजार मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. एका अंगाला गुरांचा बाजार, दुसऱ्या अंगाला भाजीवाल्या ओळीनं बसलेल्या. वकीलसाहेब दमणीच्या साटीवर उभे राहिले, सुपारी काढून डबीत घातली आणि सुरू झाले.

"ऐका हो! मी जिल्ह्याचा सरकारी वकील होतो म्हनतो. झालो, त तुमच्यातला जो गुन्हा करंल त्याच्यावर खटला चालवीन. त्याले जेलात धाडीन. गय करनार नाही."

बाजारानं माना वर केल्या. आधीच्या उमेदवारांनी विहिरी कबूल केल्या होत्या, सडका कबूल केल्या होत्या. जेल कबूल करणारा हा पहिलाच.

"पन!" वकीलसाहेबांनी बोट वर केलं. "पन सरकारचा जो साक्षीदार असंल, त्याले आधी मीच इचारीन. कोर्टात, सगळ्यायसमोर. कंदील कुठं होता म्हून. आरोपीच्या वकिलाची वाट नाही पाहनार. साक्षीदार खोटा निंघाला, त त्याच्याबरोबर आपला खटलाबी घरी धाडीन."

पहिल्याच ओळीत गिरजाबाई नावाची माळीण बसली होती. समोर वांगी, मेथी आणि सांबाराच्या जुड्या. सांबार म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर, उगाच घाबरू नका. तिनं जुडीवर पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, "म्हंजे आमालेच जेलात टाकासाठी आमचंच मत मांगून राहिले का जी तुमी?"

"हाव," वकीलसाहेब म्हणाले.

बाजार हसला. गिरजाबाई हसली नाही. तिनं यांच्याकडे नीट पाहिलं. "माह्या भावाले असंच नेलं व्हतं जी. कोनी काई इचारलंच नाही. बरं, मत टाकाचं कुठी?"

"टाकाचं नसते, बाई. याले मतच नसते. साहेब तंबूत आला अन् त्यानं काई इचारलं, त माझं नाव सांगाचं. बस."

"म्हंजे तेच ना," गिरजाबाई म्हणाली. सगळ्या बाजारानं माना डोलावल्या. म्हंजे तेच. त्यापुढं वकीलसाहेबांनी जीव तोडून समजावलं, मीही समजावलं, पण तोवर रहीमभाईनं हात वर करायला सांगितले होते आणि गुरांच्या बाजारापर्यंत हात वर गेले होते.

त्या हिवाळ्यात डेप्युटी कमिशनरच्या दौऱ्याचं जे झालं ते मला पुढं तहसीलच्या कारकुनानं सांगितलं. साहेबानं विचारलं, विहिरीला पाणी कसं आहे? गावकरी म्हणाले, आमचं मत वकीलसाहेबाले. साहेबानं विचारलं, ढोरांना रोग आहे का? आमचं मत वकीलसाहेबाले. साहेबाला आधी वाटलं हा कोणी गावदेव आहे. प्रत्येक मुक्कामी तेच ऐकल्यावर त्यानं चौकशी केली, आणि अमरावतीला परतल्यावर वकीलसाहेबांना बंगल्यावर बोलावलं. म्हणाला, "लोक तुमच्यावर खूश दिसतात. सेशन्सला एक आगीचा खटला येतोय. आमचे वकील आजारी आहेत. सरकारकडून तुम्ही उभे राहा. त्यानंतर नागपूरला काय लिहायचं ते लिहितो."

वकीलसाहेब घरी आले ते तरंगतच. त्याच दिवशी शिंप्याला बोलावून नवा काळा कोट शिवायला टाकला. काकू म्हणाल्या, खटल्याला घाला. हे म्हणाले, "नाही. नेमणुकीचा हुकूम येऊ दे, मंग घालीन." कोट कापराच्या वड्या टाकून ट्रंकेत गेला.

खटला असा. एका जिनिंगच्या आवारात मध्यरात्रीच्या सुमाराला कापसाची गंजी पेटली. आदल्या आठवड्यात कामावरून काढलेल्या एका हमालावर आळ आला. चौकीदार म्हणत होता, मी त्याला आग लावताना पाहिला. दुसरा साक्षीदार नव्हता. हमालाचे घरचे आपले नेहमीप्रमाणे धावत वकीलसाहेबांकडे आले. हे म्हणाले, मी या खेपेला सरकारचा. ते म्हणाले, मग तुमच्या हाताखालचा तरी द्या. वकीलसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा घ्या. अकोल्याचा हाय, पन चांगला हाय." आजच्या दिवसांत हे कोणी चालवून घेणार नाही. तेव्हाही बाररूमनं नाकं मुरडली. साहेबांनी मात्र चोख ठेवलं. खटला संपेपर्यंत मला ओसरीची पायरी चढू दिली नाही, रस्त्यात भेटलो तर मान फिरवून जायचे.

खटल्याच्या सकाळी काकूंनी त्यांना बजावलं म्हणे, "सुपारी तोंडात धरा अन् पाळी आल्याबिगर काढू नोका." त्यांनी कबूल केलं.

जजसाहेब मद्रासकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलायचे. वकीलसाहेब सरकारच्या टेबलाशी उभे राहिले आणि चौकीदाराची सरतपासणी सुरू झाली. कुठं होतास, काय पाहिलंस, कोणाला पाहिलंस. चौकीदारानं हमालाकडे बोट दाखवलं. मी वाट पाहत होतो, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी नाही विचारलं. खाली बसले, सुपारी गालात घातली आणि छताकडे पाहायला लागले.

उलटतपासणीला मी उभा राहिलो. स्वतःच्या जिवावर माझा हा पहिला सेशन्स खटला, आणि समोर कोण, तर ज्यानं मला उभं राहायला शिकवलं तो.  चौकीदार मिशांतून हसत होता. माझ्या डोक्यातून सगळं पार पुसून गेलं. आणि मी, ज्यानं ते वाक्य रोज उठता-बसता ऐकलं होतं, तो मी काय विचारावं? मी विचारलं, "तू खोटं बोलून राहिला आहेस, हे खरं आहे ना?"

"नाही जी," चौकीदार म्हणाला.

मी म्हणालो, "नीट विचार करून सांग."

"नाही जी."

संपलं.  हमालाची बायको मागच्या बाकावर लेकरू घेऊन बसली होती, ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी "आणखी काही विचारायचं नाही" म्हणायला तोंड उघडलं, चौकीदारानं पिंजऱ्यातून खाली उतरायला पाय टाकला, आणि सरकारच्या टेबलावर काहीतरी टणकन पडलं. सुपारी होती ती.

"कंदील!" वकीलसाहेब ओरडले.

सगळं कोर्ट दचकलं. जजसाहेबांनी चष्मा काढला. "आपण काही म्हणालात काय?"

"हो हुजूर. कंदील."

"कोणता कंदील?"

"ते मी कसं सांगू, हुजूर? मी सरकारकडून हाय. ते यानं इचाराले पाह्यजे." आणि माझ्याकडे वळून, जसा ओसरीवर खेकसायचे तसा खेकसले, "अबे, इचार ना! काय माह्या तोंडाकडं पाहून राहिला!"

मी विचारलं. काय करतो? चौकीदार म्हणाला, कंदील माझ्या कोठडीत होता जी, खिळ्याला. गंजी कोठडीच्या मागं. मग आग पेटायच्या आधी, अंधारात, तोंड कसं दिसलं? तो घुटमळला. मिशांतलं हसू गेलं. मग म्हणाला, "तोंड नाही दिसलं जी. कोनीतरी पळालं. जिनातले मुनीमजी म्हनले, तोच असंल, दुसरा कोन?"

हमाल सुटला. त्याची बायको वकीलसाहेबांच्या पाया पडायला गेली, तर ते ओरडले, "माह्या नाही, त्याच्या पड! मी तुह्या नवऱ्याच्या विरुद्ध हाय!"

जागा अर्थात गेली. डेप्युटी कमिशनर म्हणाला म्हणे, माणूस उत्तम आहे, पण सरकारला एकाच बाजूचा वकील लागतो. नेमणूक दुसऱ्या एका सज्जन गृहस्थांची झाली, जे कोर्टात कागद पाहिल्याशिवाय तोंड उघडत नसत आणि कागद पाहिल्यावर बहुतेक उघडतच नसत. बाररूमला वर्षभराची करमणूक मिळाली. कोणी नुसतं "कंदील" म्हटलं तरी हशा.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला वाटलं होतं, आता माझी खैर नाही. ते झोपाळ्यावर बसले होते. मी म्हणालो, "साहेब, माझ्यापायी तुमची..."

"बस," ते म्हणाले. काकूंनी भाकर आणून दिली. मी तुकडा मोडला नाही. मग ते म्हणाले. "तुह्यापायी काई नाही. इचाराचं काम माझं होतं. चांदूर बाजारात सांगतलं होतं ना मी, आधी मीच इचारीन म्हून? पन मले खुर्ची दिसून राहिली होती रे. म्हनलं, आज नोको. अकोला हाय ना तिकडून, तो इचारंलच. मानूस सुटंल अन् खुर्चीबी मिळंल. लय हुशारी केली." मग म्हणाले, "वाईट वाटलं. लय वाईट वाटलं. जीव होता माझा त्या खुर्चीत." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पक्षकार होते, गालात सुपारी होती आणि "ए अकोला" सुरू झालं होतं. तो माणूस पडून राहणारा नव्हताच.

गंमत पुढंच आहे. चांदूर बाजारच्या लोकांना हे कोण सांगणार? वकीलसाहेब कामानं तिकडे गेले की गिरजाबाई ओळीतून हाक मारायची, "काय जी वकीलसाहेब, आले का निवडून?" पहिल्या खेपेला ते बोलायला गेले, पण तिच्या तोंडाकडे पाहून शब्द फिरवला. "मोजनी चालू हाय, बाई." आणि ते कायमचंच झालं. वर्षं गेली, डेप्युटी कमिशनर बदलले, कौन्सिलं बदलली, तरी गिरजाबाई विचारायची आणि हे तितक्याच ठामपणे सांगायचे, "चालू हाय." मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, खोटं कशाला सांगता त्या बाईला?" तर म्हणाले, "खोटं? निकाल लागला, हे तुले कोनी सांगतलं? कंदील कुठं होता?"

वडील गेल्यावर मी अकोल्याला परतलो. वकिली जमली. आणि काही वर्षांनी, ना मोहीम ना दौरा, मला अकोला जिल्ह्याचा सरकारी वकील नेमल्याचा हुकूम आला. मी त्यांना कळवलं. उलट तार आली, चारच शब्दांची: "कंदील घरी विसरू नको."

आणि मग व्हायचं तेच झालं. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याची गाडी रात्री लुटली गेली. पोलिसांनी एका पोराला धरलं, ओळख परेड झाली, गाडीवानानं त्यालाच ओळखलं. पोराच्या बापानं अमरावती गाठली. खटल्याच्या दिवशी अकोला स्टेशनवरून टांगा कोर्टापुढं थांबला आणि वकीलसाहेब उतरले. थकले होते. कोपरं हिरवी झालेला तोच जुना कोट. "या गावात मानसं जितीच भाजतात," एवढंच म्हणाले आणि आत गेले. आत मात्र त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि जजसाहेबांना म्हणाले, "विद्वान सरकारी वकिलांची परवानगी असेल तर सुरुवात व्हावी." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'अकोला' म्हटलं नाही. मला ते सोसलं नाही, खरं सांगतो.

गाडीवानाला मी पिंजऱ्यात घेतलं. तो धडधड बोलला. याच पोरानं गाडी अडवली, याच पोरानं पेटी नेली. साक्ष अशी पक्की बसली की माझ्यामागं उभा असलेला पोलीस इन्स्पेक्टर खूश होऊन खाकरला. मी खाली बसणार होतो. मनात म्हटलं, बाकीचं काय ते साहेब उलटतपासणीत विचारतीलच. त्यांचं ते काम आहे.

आणि मी त्यांच्याकडे पाहिलं. गालात सुपारी धरून ते छताकडे पाहत बसले होते, अगदी तसेच. त्या आगीच्या खटल्यात तेही मनात असंच म्हणाले होते, अकोला विचारेलच.

मी परत उभा राहिलो. "गाडीचा कंदील कुठं होता?"

मागचं खाकरणं बंद झालं.

"गाडीखाली टांगेल व्हता जी. चाकाच्या आसाले," गाडीवान म्हणाला.

"मग गाडी अडवणाऱ्याचं तोंड दिसलं?"

"तोंड कुठी दिसते जी त्या उजेडात? पाय दिसले."

"परेडीत याला कशावरून ओळखलं?"

"ठान्यात दाखवला ना जी जमादारानं. म्हने, हाच हाय, नीट पाहून ठेव."

 जजसाहेबांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात शंका नव्हती. कोणी फी दिलेला माणूस विचारत नव्हता, सरकार विचारत होतं. "आरोपीचे वकील," ते म्हणाले, "उलटतपासणी?"

वकीलसाहेब उठले. सुपारी काढली, हातात धरून उभे राहिले. त्यांनी आयुष्यात एकही साक्षीदार न विचारता सोडला नव्हता. 

"काही विचारायचं नाही, हुजूर," ते म्हणाले. "सरकारनं विचारलं."

पोरगा त्याच दिवशी बापाबरोबर घरी गेला. इन्स्पेक्टर पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. न बोलू दे. बाहेर वऱ्हांड्यात वकीलसाहेबांनी अडकित्ता मागितला. माझ्या कारकुनाकडे होता. सुपारी फोडली, एक खांड माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "ए अकोला, उद्या चांदूरचा बाजार हाय. चल."

"साहेब, उद्या माझं कोर्ट..."

"चल म्हनतो ना."

रात्र अमरावतीला त्यांच्या घरी काढली. सकाळी काकूंनी ट्रंक उघडली तसा कापराचा वास ओसरीपर्यंत आला. नवा कोट. इतक्या वर्षांनी तो त्यांना पोटावर घट्ट आणि खांद्यांत सैल झाला होता, पण बटणं लावून घेतली, सगळी. रहीमभाई म्हातारा झाला होता, तरी दमणी त्यानंच हाकली.

गिरजाबाई त्याच ओळीत, त्याच जागी. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, पण दमणीच्या आवाजावरून तिनं ओळखलं. "काय जी वकीलसाहेब, झाली का मोजनी?"

"झाली," वकीलसाहेब म्हणाले.

ओळीतल्या सगळ्या बाया वळून पाहायला लागल्या. "मंग?"

"आलो निवडून."

"बाप्पा! अन् खुर्ची कुठी हाय?"

"अकोल्याले." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढं ढकललं. "हा बसते तिच्यावर."

गिरजाबाईनं डोळे बारीक करून मला खालून वर पाहिलं. "हा इचारते का जी?"

"काल इचारलं यानं. आपल्याच साक्षीदाराले, सगळ्यायसमोर. पोरगं घरी गेलं."

 तिनं सांबाराची एक जुडी उचलली, पाणी झटकलं आणि माझ्या हातात दिली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"पाह्य वं," ती म्हणाली, "माहं मत वाया नाई गेलं."